खरवडून बघितलं म्हणून आण्णांचा डोळा राहिला – साडेचार स्टार

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांबलचक आहे, ज्यांना फक्त स्टार बघायचेत त्यांनी साडेचार बघा आणि पुढं जावा. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फॉलोअप अजून तिथंच चालू आहे, उगा कशाला. ट्रस्टचं आहे, आमच्या गावापासून एसटीनं सव्वा तास, एवढं पुरे.

अशा हॉस्पिटलांचे मोतीबिंदूचे रिव्ह्यू पोत्यानं सापडतात, "ऑपरेशन छान झाले, स्टाफ प्रेमळ आहे" वगैरे. हा त्यातला नाही. हा बुबुळाच्या जखमेचा आहे. डॉक्टर लोक तिला कॉर्नियल अल्सर म्हणतात (कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच), आमच्याकडं "डोळ्यात फूल पडलं" म्हणतात, पण फूल म्हणजे सगळं संपल्यावर राहिलेला पांढरा डाग. त्याच्या आधीचे जे पंधरा-वीस दिवस असतात, ज्यात डोळा वाचवता येतो, त्याला आमच्या बोलीत नावच नाही. "डोळा लाल झालाय" एवढंच. आणि तिथंच घोळ होतो.

झालं असं की नोव्हेंबरात शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती आणि आण्णा म्हशीला वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आणायला गेले. बिंडा आवळताना एक पात सपकन डाव्या डोळ्यावर बसली. उसाच्या पातीची कड काय असते हे ज्यानं फडात काम केलंय त्याला सांगायला नको, हातावर रेघा उठतात, तिथं बुबुळाची काय कथा. आण्णांनी गार पाण्यानं डोळा धुतला, टॉवेल दाबला आणि बिंडा घेऊनच घरी आले. आईनं मध घालू का विचारलं, ते नको म्हणाले, तेवढी एक गोष्ट आमच्याकडून बरोबर झाली.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून ड्रॉप आणला. आता इथं दोष त्या पोराला द्यायचा का मला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं "डोळा लाल झालाय", त्यानं मागं वळून न बघता बाटली काढून दिली, चिठ्ठी मागितली नाही, काय लागलं विचारलं नाही. मीही नाव वाचलं नाही. २०२३ च्या पावसाळ्यात अख्ख्या महाराष्ट्रात डोळ्यांची साथ आली होती ना, तेव्हापासून लाल डोळा म्हणजे डोळे आले, डोळे आले म्हणजे ड्रॉप, हे गणित घरोघरी पक्कं बसलंय. आमच्या फ्रिजच्या दारात तेव्हाची एक बाटली अजून होती, आणि ड्रॉपची बाटली फोडली की महिनाभरात टाकायची असते हे मला आत्ता कळलंय.

ड्रॉप घातला आणि दोन दिवसांत लाली उतरली. आण्णा खूश. दूध घालायला डेअरीला स्वतः गेले. हेच सगळ्यात वाईट झालं, कारण तो ड्रॉप स्टेरॉईडवाला होता. स्टेरॉईडनं सूज आणि लाली दबते, माणसाला बरं वाटतं, आणि आत जे वाढतंय त्याला रान मोकळं मिळतं. सहाव्या दिवशी परत ठणका सुरू. आठव्या दिवशी रात्री आण्णा उठून बसले, बल्ब लावू देईनात, डोळ्यातून नुसतं पाणी, आणि सकाळी उजेडात बघितलं तर बुबुळावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट ठिपका. नवव्या दिवशी हॉस्पिटल.

आता खरा रिव्ह्यू.

ओपीडी आठला उघडते पण साडेसातलाच जावा, टोकन संपतात. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका. आमचं टोकन होतं ८७ आणि पुढं सगळी मोतीबिंदूची म्हातारी माणसं, गावागावातून शिबिराच्या गाडीनं आलेली. मी म्हटलं आज काय नंबर लागत नाही. पण पहिल्याच टेबलावर ज्या सिस्टर दृष्टी तपासत होत्या त्यांनी आण्णांचा हात खाली घेतला, टॉर्च मारला आणि विचारलं, "काका, काय लागलं होतं का?" आण्णा म्हणाले, "उसाची पात." बस्स. केसपेपरवर लाल पेनानं काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "ह्यांना लाईनीत बसवू नका, कॉर्नियात न्या." पाच मिनिटांत आम्ही आत. ८६ माणसांच्या पुढं. कुणाची ओळख नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. पाच पैकी पहिला स्टार मी त्या टॉर्चला दिलाय.

आतल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, बोलायला एकदम सरळ. त्यांनी तीन प्रश्न विचारले. कधी लागलं, झाडपाल्याचं लागलं का, आणि आत्तापर्यंत काय काय घातलं. बाटली आणलीय का म्हणाल्या. माझ्या खिशात होती. त्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षर वाचलं आणि बाटली टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवून दिली, मला परत दिलीच नाही. चेहऱ्यावरून राग आल्यासारखा वाटला पण आम्हाला काही बोलल्या नाहीत. म्हणून सगळ्यांना सांगतो, डोळ्याच्या डॉक्टरकडं जाताना आधीच्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी.

मग ते खरवडणं. हे मी जवळ उभा राहून बघितलं म्हणून नीट लिहितो, कारण नुसतं नाव ऐकूनच लोक घाबरून पळतात. आधी बधिर करायचा ड्रॉप घातला. हनुवटी त्या स्लिट लॅम्पच्या मशिनवर टेकवली, मागून एका सिस्टरनी डोकं धरलं. मॅडमनी एक छोटं ब्लेड घेऊन त्या पांढऱ्या ठिपक्याच्या कडेवरचा थर अलगद खरवडला, पातेल्याच्या तळाची खरवड काढावी तसा. एकदा काढलं, काचेच्या पट्टीवर पुसलं. परत काढलं, दुसऱ्या पट्टीवर. मग एका गोल बशीत, ज्यात लालसर जेलीसारखं काहीतरी होतं, त्यात ब्लेडच्या टोकानं सी अक्षरासारख्या बारीक रेघा मारल्या. रेघेवर उगवलं तर ते डोळ्यातलं, रेघेच्या बाहेर उगवलं तर ते हवेतून पडलेलं, अशी साधी खूण. आण्णांना दुखलं का तर नाही, "नुसतं कुणीतरी चाचपतंय असं वाटलं" म्हणाले. सगळं मिळून दहा मिनिटं.

एका काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकतात, त्यानं बाकीच्या पेशी विरघळल्यासारख्या होतात आणि बुरशी असेल तर उघडी पडते. अर्ध्या तासात आतून बोलावणं आलं. मॅडमनी मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं, म्हणजे मीच "बघू का" विचारलं आणि त्या हो म्हणाल्या. धुरकट पार्श्वभूमीवर बारीक काचेसारखे दोरे, त्यांना फाटे फुटलेले, मधेमधे आडव्या भिंती. कुंपणावर वेल चढावी तसं. हे माझ्या बापाच्या डोळ्यातून अर्ध्या तासापूर्वी काढलेलं.

"बुरशी आहे," त्या म्हणाल्या.

पाच दिवसांनी बशीत कापसासारखी पांढरी वाढ आली, नाव निघालं फ्युजेरियम. मी नाव ऐकून चमकलो. हरभऱ्यावर मर रोग येतो तो ह्याच घराण्यातला, उसाच्या शेंड्याला पोक्का बोइंग होतो तोही ह्याच घराण्यातला, कृषी सहायक दरवर्षी सांगून जातात. डोळ्यातली जात वेगळी असते म्हणे पण घराणं तेच. माती, पालापाचोळा, पाचट, सगळीकडं असते, एरवी माणसाला काही करत नाही. पात लागून बुबुळाचं वरचं कातडं फाटलं की तिला दार उघडं मिळतं, आणि बुबुळात रक्तवाहिन्या नसतात म्हणून शरीराची फौजही तिथं उशिरा पोचते. आपण उसावर फवारणी करतो पण डोळ्यात काय गेलं हे विचारत नाही.

दुसरा, तिसरा आणि चौथा स्टार या खरवडण्याला. एकगठ्ठा तीन. कारण बॅक्टेरियाचा अल्सर आणि बुरशीचा अल्सर नुसत्या डोळ्यांनी बघून दरवेळी ओळखू येत नाही, मोठमोठे डॉक्टर चुकतात, आणि दोघांची औषधं पूर्ण वेगळी. अंदाजानं ड्रॉप लिहिणारे ढीगभर आहेत. काचपट्टी, एक थेंब आणि एक मायक्रोस्कोप, एवढ्याच गोष्टी लागतात आणि त्या तालुक्याच्या ठिकाणी का नसाव्यात हे मला कळत नाही.

औषधाचा पण रिव्ह्यू घ्या. नाटामायसिन, पाच टक्के. पांढरं, पातळ चुन्यासारखं, बाटलीच्या तळाला बसतं म्हणून दरवेळी हलवूनच घालायचं. पापण्यांवर वाळून चिकटतं, तीन दिवसांनी आण्णा भिंत रंगवून आल्यासारखे दिसत होते. दर तासाला एक थेंब, जागे असेपर्यंत. सोबत बाहुली मोठी करायचा ड्रॉप, त्यानं ठणका कमी होतो पण उजेड आणखीनच सहन होत नाही. दोन ड्रॉपमध्ये पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मी आपला शहाणपणा करून मॅडमना विचारलं, ह्याहून भारी काही नाही का, पैशाचं बघू आपण. त्या हसल्या. म्हणाल्या, भारी म्हणून व्होरिकोनाझोल सगळ्यांना आवडतं, पण मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलच्या लोकांनी दोन्ही समोरासमोर लावून बघितली. ३२३ पेशंट घेतले, २०१३ साली निकाल छापला, आणि हे जुनं पांढरंच सरस निघालं, त्यातही फ्युजेरियमला तर फारच. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं ते पण हेच. आणि तरीही, आता तक्रार, हॉस्पिटलच्या स्वतःच्या मेडिकलमध्ये दुसऱ्या दिवशी संपलं होतं! मी गावातली चार दुकानं फिरलो, तीन ठिकाणी "काय नाव म्हणालात?" आणि चौथ्यात एकच बाटली. लाल डोळ्याला चुकीचा ड्रॉप मागितल्याबरोबर मिळतो आणि बरोबर ड्रॉप चार दुकानं फिरून एक मिळतो, असा सगळा मामला.

सहा दिवस ॲडमिट होतो. घरी पण घालता आला असता पण दर तासाला म्हणजे आईनं म्हशी बघायच्या का बाटली, म्हणून मॅडमच म्हणाल्या राहा. वॉर्ड स्वच्छ, संडास ठीकठाक, पडदे जाड हिरवे, दिवसा पण संध्याकाळ वाटते, डोळ्याच्या पेशंटला तेच बरं. वॉर्डात तासाच्या ठोक्याला सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजायचे, कुणाचा आरती, कुणाचा कोंबडा, आणि सगळी माणसं माना वर करून बसायची, मग सिस्टर ट्रे घेऊन फिरायच्या. घरच्यांनाही शिकवतात, बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही, हात आधी धुवायचे, खालची पापणी ओढून खिशात टाकल्यासारखा थेंब टाकायचा. तिसऱ्या दिवसापासून मीच घालत होतो. जेवण साधं, चालतं. कॅन्टीनचा चहा म्हणजे गरम गोड पाणी, आणि पार्किंग नाहीच, गाडी रस्त्यावर लावली तर ट्रॅफिकवाले उचलतात, माझी एकदा उचलली.

बिल सगळं मिळून साडेनऊ हजारांच्या आत आलं. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही न्या, सरकारी योजनेत काय बसतंय ते ॲडमिट व्हायच्या आधीच काउंटरवर विचारा, नंतर विचारलं की "आधी सांगायचं ना" म्हणतात.

शेजारच्या कॉटवर बीडकडच्या एक वहिनी होत्या, तिशीच्या असतील. ऊसतोडीला आलेल्या, नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांच्या उजव्या डोळ्याला पात लागून तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे! मी त्यांच्या नवऱ्याला, भाऊंना, विचारलं इतके दिवस काय करत होता, तर विचारल्यावर माझीच मला लाज वाटली. ते म्हणाले, "उचल घेतल्याली हाय. येक दिस बसलं तरी खाडा धरत्यात. ही बसली की आमचा अर्धा कोयता होतो, मग भागायचं कसं?" फडातच कुणा बाईनं जिभेनं कुसळ काढून दिलं होतं. मग टोळीतल्याच कुणाकडचा ड्रॉप. मग मुकादमानं दाखवतो म्हणून चार दिवस घालवले. आल्या तेव्हा बुबुळ पूर्ण पांढरं आणि त्याच्या मागं तळाला पू साठलेला, दुधाची वाटी तिरकी धरल्यावर दिसतो तसा आडवा थर, हे मी सांगतोय ते ऐकून नाही, मॅडम भाऊंना स्क्रीनवर दाखवत होत्या तेव्हा मागून बघितलेलं.

चौथ्या दिवशी बुबुळाला भोक पडलं. रात्री नेत्रपेढीतून कॉर्निया आला आणि पहाटे बदलला. मला वाटायचं कॉर्निया बदलला म्हणजे दिसायला लागणार. तसं नाही. असल्या वेळी बदलतात तो डोळा वाचवायला, आतला सगळा सडका भाग काढून टाकायला, दिसणं ही पुढची गोष्ट, जमली तर जमली. कुणाच्या तरी घरी त्या दिवशी माणूस गेलेलं, आणि त्या रडारडीत कुणीतरी सहा तासांच्या आत फोन केला म्हणून हे झालं. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं, साखर असली तरी डोळे देता येतात, आणि अख्खा डोळा कुणाला बसवत नाहीत, पुढची ती पारदर्शक काच तेवढी. दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर नेत्रदानाचा पंधरवडा असतो, शाळेतल्या पोरांच्या फेऱ्या निघतात, आम्ही पण लहानपणी घोषणा दिल्यात. कॉर्निया येताना बघितला तो पहिल्यांदा, थर्माकोलच्या खोक्यात, आईस्क्रीम आणावं तसा, पोरगं मोटारसायकलवरून घेऊन आलं.

वॉर्डात वेळच वेळ असतो, म्हणून मी मोबाईलवर वाचत बसायचो आणि मॅडम राउंडला आल्या की डोकं खायचो. हा आजार म्हणजे आमचंच नशीब वाईट असं मला वाटत होतं. मदुराई जिल्ह्यात नव्वदच्या दशकात मोजलं होतं, दर लाख माणसांत वर्षाला ११३ जणांना असला अल्सर. अमेरिकेतल्या एका भागात मोजला तो आकडा ११. दहापट. आपल्याकडं शेतात लागून होतो, त्यांच्याकडं बराचसा कॉन्टॅक्ट लेन्समुळं. जगभरात नुसत्या बुरशीच्या अल्सरचेच वर्षाला दहा लाखांवर पेशंट असा अंदाज आहे आणि त्यातले शंभरातले आठ ते अकरा जण डोळाच गमावतात, म्हणजे काढून टाकावा लागतो. देशातल्या २०१५ ते २०१९ च्या अंधत्वाच्या सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या लोकांत अंधत्वाचं पहिल्या नंबरचं कारण मोतीबिंदू नाही, बुबुळावरचा डाग आहे. कमावत्या वयातली माणसं, म्हातारी नाही.

आणि सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट ही की आमचे आण्णा आणि त्या वहिनी या आकड्यात बसतच नाहीत. अंधत्व मोजतात ते दोन डोळ्यांपैकी जो चांगला त्यावरून. एक डोळा गेला, दुसरा शाबूत, तर सर्वेक्षणाच्या हिशोबानं तुम्ही ठणठणीत. अपंगत्वाच्या दाखल्यावर एका डोळ्याचं अंधत्व ३० टक्के धरतात आणि सवलती सुरू होतात ४० टक्क्यांपासून. भाऊंनी मला विचारलं होतं दाखला निघंल का. मी शोधून हे सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. एका डोळ्यानं कोयता चालवताना अंतराचा अंदाज येत नाही, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

नेपाळमधल्या भक्तपूरचं एक काम वाचलं ते भारी होतं. गावातल्या आरोग्य सेविकांना शिकवलं, डोळ्याला लागलं की लगेच बघायचं, बुबुळावर ओरखडा दिसला तर साधं एक टक्क्याचं क्लोरॅम्फेनिकॉल मलम तीन दिवस. ज्यांना लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम मिळालं अशा २८४ जणांत एकालाही अल्सर झाला नाही. एकालाही! २००१ सालची गोष्ट. पुढं नेपाळमध्येच मोठ्या प्रमाणावर करून बघितलं तेव्हा मात्र गावागावातला फरक तेवढा दिसला नाही, म्हणजे नुसतं मलम वाटून सुटणारं प्रकरण नाही, माणूस वेळेत यायला पण पाहिजे, आणि तो खाड्यामुळं येत नाही हे मी शेजारच्या कॉटवर बघितलंच. तरी आमच्या आशाताईंकडं टॉर्च आणि एवढं शिक्षण असतं तर आण्णा नवव्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी पोचले असते असं मला राहून राहून वाटतं. मलम मनानंच आणून घालू नका बरं, ते ताज्या ओरखड्यासाठी होतं, पांढरा ठिपका दिसायला लागला की त्याचा काळ संपला.

कसं ओळखायचं म्हणून लोक विचारतात तर मॅडमनी आण्णांच्या डिस्चार्जला जे सांगितलं ते लिहितो. डोळे आले की चिपडं येतात, पापण्या चिकटतात, बहुतेक वेळा एकाचा दुसऱ्याला लागतो आणि दिसायला फारसा फरक पडत नाही. एकाच डोळ्यात ठणका, उजेडाकडं बघवत नाही, अंधुक दिसतं, आणि त्यात काही लागल्याचं आठवतंय, पात, कुसळ, मळणीतला दाणा, मग तो डोळे आलेला नाही. पांढरा ठिपका दिसायची वाट बघायची नाही. आणि मध, तूप, आईचं दूध, गुलाबपाणी, काहीही घालायचं नाही. हे सगळं त्यांनी तोंडी सांगितलं, छान सांगितलं, पण हातात दिलेला डिस्चार्ज कागद सगळा इंग्रजीत! दिवसातून तीनदा, दिवसातून चारदा, हे सगळं टीडीएस, क्यूआयडी असल्या भाषेत. मी वाचून घेतलं, भाऊंनी काय करायचं? त्यांच्या बाटल्यांवर मी पेनानं सूर्य आणि चंद्र काढून दिले. एवढं काम हॉस्पिटलनं करायला काय हरकत आहे.

आण्णांचं सांगायचं तर सात आठवड्यांनी जखम भरली. डाग राहिलाय, बाहुलीच्या थोडा खाली, म्हणून थोडक्यात वाचले, मधोमध असता तर गेलंच होतं. त्या डोळ्यानं भिंतीवरच्या तक्त्याच्या चार ओळी वाचतात, त्याखालचं पुसट. मॅडम म्हणाल्या तो ड्रॉप घातला नसता तर डाग याच्या निम्मा असता. ड्रॉप मी आणला होता. त्या मेडिकलमध्ये परत गेलो होतो, भांडायला नाही, सांगायला. पोरगं म्हणालं, "दादा, सगळेच तोच नेतात."

गॉगलचं पण लिहून टाकतो, कारण दोन जणांनी फोन करून विचारलं. आण्णांना बाजारातून साधा पारदर्शक गॉगल आणला, वेल्डिंगवाले आणि फवारणीवाले घालतात तसला, बाजूला जाळी असलेला. १४० रुपये. पहिले चार दिवस "माझ्यानं हे होणार नाही" म्हणून गोठ्यातल्या खुंटीवर. घामानं आतून वाफ धरते, हे खरं आहे, आणि कडेला बघताना मान वळवावी लागते. बिनजाळीचा घेऊ नका, दहा मिनिटांत काही दिसत नाही. आता घालतात, पण फक्त वाढं बांधताना, आणि रानात कुणी हसलं की काढून खिशात. तरी एकदा पात त्यावरच बसली, काचेवर ओरखडा आहे, ते तो ओरखडा सगळ्यांना दाखवत फिरतात.

राहिला पाचवा स्टार. तो अर्धाच दिलाय आणि अर्धा कापलाय, तो चहासाठी नाही की पार्किंगसाठी पण नाही. वहिनींना टाके आहेत, बदललेल्या कॉर्नियाला महिनोन्महिने ड्रॉप चालू ठेवावे लागतात, शरीरानं नाकारला तर लाली येते आणि लगेच यावं लागतं, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. त्यांची पंधरा दिवसांनी तारीख होती. आम्ही त्याच दिवशी गेलो, त्या आल्या नव्हत्या. भाऊंना फोन लावला तर टोळी आता कर्नाटकात दुसऱ्या कारखान्याला गेलीय, "हंगाम संपला की येतो" म्हणाले, म्हणजे मार्च-एप्रिल. बाटली संपली का विचारलं तर म्हणाले, सूर्यवाली संपली, चंद्रवाली हाय.

मी काउंटरवर जाऊन सांगितलं, हा नंबर घ्या, फोन करा, तिकडं जवळपास कुठं दाखवता येईल ते तरी सांगा. काउंटरवरच्या ताई वाईट नव्हत्या. पण तारखा चुकलेल्या पेशंटला फोन करायचं काम कुणाकडंच नाही म्हणाल्या, रजिस्टरमध्ये नंबर लिहून घेतला. परवा परत गेलो होतो तेव्हा रजिस्टर उघडायला लावलं. नंबर होता, त्याच्या पुढचा रकाना रिकामाच होता. मॅडम त्या दिवशी सुट्टीवर होत्या, आता चौदा तारखेला आण्णांना घेऊन जायचंय तेव्हा त्यांनाच गाठतो.